‘सोडणे’ आणि ‘मोकळे करणे’ : पॅकेट-बफरांच्या संदर्भगणनेतील दुरुस्त्यांचा इतिहास

१. प्रास्ताविक

संगणकांच्या जाळ्यातून जाणारा मजकूर लहान लहान तुकड्यांत विभागून पाठविला जातो. अशा प्रत्येक तुकड्यास पॅकेट म्हणतात. पॅकेट यंत्रात आल्यापासून त्याची विल्हेवाट लागेपर्यंत त्याला स्मृतीमध्ये जागा द्यावी लागते. ही जागा म्हणजे बफर. बफराचा धनी एकच असता, तर प्रस्तुत विषय उद्भवलाच नसता. परंतु व्यवहारात एकाच बफरावर एकाच वेळी अनेकांचा हक्क असतो. पाठविलेले पॅकेट वाटेत गहाळ झाल्यास पुन्हा पाठवावे लागेल, म्हणून टीसीपी हा संकेत पोच मिळेपर्यंत ते जपून ठेवतो. तेच पॅकेट त्याच क्षणी तारेवर चढविण्यासाठी नेटवर्क-कार्डाच्या चालक-आज्ञावलीच्या हाती असते. आणि वाहतुकीचे निरीक्षण करणारा एखादा कार्यक्रम चालू असेल, तर त्यालाही ते पाहावयाचे असते. प्रत्येकासाठी निराळी प्रत करणे हा सरळ मार्ग खरा. पण तो वेळ आणि स्मृती ह्या दोन्ही दृष्टींनी महाग पडतो. म्हणून बफर एकच ठेवून त्यावर किती जणांचा हक्क आहे तेवढी संख्या नोंदवावयाची, अशी पद्धत रूढ झाली. हीच संदर्भगणना. नवा हक्कदार आला की संख्या एकाने वाढवावी, कोणी हक्क सोडला की एकाने घटवावी, आणि ती शून्य झाली की जागा मोकळी करावी, एवढाच तिचा नियम.

नियम इतका सोपा असूनही त्यात दोन प्रकारच्या चुका होत आल्या आहेत. संख्या घटविण्याचे राहून गेले, तर जागा कधीच मोकळी होत नाही आणि यंत्राची स्मृती हळूहळू गळून जाते. उलट, हक्क शिल्लक असतानाच जागा मोकळी झाली, तर ती दुसऱ्याच कामास दिली जाते आणि जुना हक्कदार परक्या मजकुरास आपला समजून वागू लागतो. पहिल्या चुकीने यंत्र मंदावते वा बंद पडते. दुसरीने त्याचा ताबाच दुसऱ्याच्या हाती जाऊ शकतो.

ह्या चुकांची मीमांसा करताना त्या अंकगणिताच्या चुका मानण्याचा प्रघात आहे. तो सर्वस्वी खरा नाही, असे प्रस्तुत निबंधाचे प्रतिपाद्य आहे. महत्त्वाच्या काही दोषांत संख्या अचूक होती. चूक झाली ती क्रियेस दिलेल्या नावाच्या अर्थाविषयी. ‘मी माझा हक्क सोडतो’ आणि ‘ही वस्तू आता मोकळी होवो’ ही दोन विधाने भिन्न आहेत. मराठीत भाडेकरू खोली ‘सोडतो’ ही कर्त्याची क्रिया, आणि खोली ‘मोकळी होते’ ही वस्तूची अवस्था. एका खोलीत तिघे राहत असतील, तर एकाने ती सोडल्याने खोली मोकळी होत नाही. जमिनीच्या व्यवहारात हा भेद अधिक काटेकोरपणे पाळला जातो : सहहिस्सेदार हक्कसोडपत्र लिहून देतो, तेव्हा त्याचा हिस्सा संपतो, जमीन नव्हे. संगणकाच्या परिभाषेत मात्र ‘फ्री’ हा एकच शब्द दोन्ही अर्थी वापरला गेला. त्याचा परिणाम काय झाला, हे पुढे पाहावयाचे आहे.

२. कल्पनेचा उगम

संदर्भगणनेची कल्पना नेटवर्कच्या क्षेत्रातील नव्हे. १९६० साली जॉन मॅकार्थी ह्यांनी ‘लिस्प’ भाषेचे विवेचन करणारा निबंध प्रसिद्ध केला. त्यात, जिच्याकडे कोणीच निर्देश करीत नाही अशी स्मृती शोधून काढून ती एकदम परत मिळविण्याची रीत सांगितलेली होती. त्याच वर्षी जॉर्ज कॉलिन्स ह्यांनी दुसरा मार्ग सुचविला : प्रत्येक यादीजवळ तिच्या हक्कदारांची संख्या ठेवावी, म्हणजे शोध घेण्याची गरजच राहत नाही. ह्या मार्गाची मर्यादा १९६३ साली हॅरल्ड मॅकबेथ ह्यांनी दाखविली. दोन याद्या परस्परांकडेच निर्देश करीत असतील, तर बाहेरचे सर्व हक्क संपूनही त्यांची संख्या कधी शून्य होत नाही. पॅकेटांच्या रचनेत असे वर्तुळ सहसा पडत नाही. त्यामुळे नेटवर्कच्या इतिहासात ह्या मर्यादेस फारसे महत्त्व आले नाही.

नामकरणाच्या दृष्टीने उद्बोधक उदाहरण यूनिक्सचे आहे. ह्या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये एकाच फायलीस अनेक नावे असू शकतात, आणि नावांची संख्या फायलीच्या नोंदीत ठेवलेली असते. फाइल काढून टाकण्यासाठी जी आज्ञा योजली, तिचे नाव ‘नष्ट करा’ असे न ठेवता ‘अनलिंक’, म्हणजे ‘दुवा तोडा’, असे ठेवले गेले. १९७१ च्या पहिल्या आवृत्तीच्या माहितीपुस्तिकेतही ही आज्ञा ह्याच नावाने आहे. शेवटचा दुवा तुटला आणि फाइल उघडून बसलेला शेवटचा कार्यक्रमही बाजूस झाला, म्हणजेच फाइल जाते. येथे नाव आणि क्रिया ह्यांचा मेळ पूर्ण आहे. आज्ञा देणारा केवळ आपल्यापुरते बोलतो. वस्तूचे पुढे काय व्हावे ह्याचा निर्णय संख्या पाहून व्यवस्थाच करते.

३. बर्कलेची बफर-व्यवस्था

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले शाखेत तयार झालेली यूनिक्सची ४.२ बीएसडी ही आवृत्ती १९८३ साली बाहेर पडली. इंटरनेटचे संकेत हाताळणारी तिची आज्ञावली पुढे दूरवर पसरली. तिच्यातील बफरास ‘एमबफ’ असे नाव होते. एमबफाचा आकार १२८ बाइट असून त्यापैकी ११२ बाइट मजकुरासाठी होते. मजकूर मोठा असल्यास १,०२४ बाइटांचा एक निराळा खंड घेऊन तो एमबफाला जोडीत. संदर्भगणना होती ती ह्या खंडांची, आणि प्रत्येक खंडाचा संदर्भांक एका वेगळ्या कोष्टकात ठेवलेला असे.

ही विभागणी विचारपूर्वक केलेली होती. थोडा मजकूर असेल तर त्याची प्रत करणे स्वस्त, म्हणून तेथे गणनेची उठाठेव नको. मजकूर मोठा असेल तर प्रत न करता खंड सामाईक ठेवावा व संदर्भांक वाढवावा. टीसीपीने पॅकेट पाठविताना ‘एम-कॉपी’ ह्या फंक्शनला हाक मारली, की मोठ्या मजकुराची खरोखर प्रत होत नसे. एक हक्कदार तेवढा वाढे. म्हणजे ‘कॉपी’ हे नावही अंशतः लाक्षणिकच होते. तीच गोष्ट ‘एम-फ्री’ ह्या फंक्शनची. एमबफ मोकळा करताना त्याला खंड जोडलेला असेल, तर ते खंडाचा संदर्भांक एकाने घटवी, आणि तो शून्य झाला तरच खंड मोकळा करी. ह्याप्रमाणे ‘फ्री’ ह्या शब्दाला नेटवर्कच्या आज्ञावलीत ‘हक्कसोड’ असा दुसरा अर्थ चिकटला. मूळचा ‘मोकळे करणे’ हा अर्थ मात्र गेला नाही. एकाच क्रियापदात दोन्ही नांदू लागले.

तत्कालीन यंत्रांत प्रोसेसर बहुधा एकच असे. संख्या बदलीत असताना मध्येच नेटवर्क-कार्डाने व्यत्यय आणू नये, म्हणून व्यत्यय तेवढ्यापुरते थोपवून ठेवीत. एवढी दक्षता त्या काळी पुरेशी ठरे.

४. अनेक प्रोसेसर आणि लिनक्सची परिभाषा

यंत्रात दोन प्रोसेसर आले, तेव्हा ही दक्षता अपुरी पडली. संख्या घटविणे ही दिसावयास एक क्रिया असली, तरी तिच्यात वाचणे, वजा करणे आणि लिहिणे अशा तीन पायऱ्या आहेत. संदर्भांक २ असताना दोन प्रोसेसरांनी एकाच क्षणी तो वाचला, तर दोघेही १ लिहितात. हक्कदार एकही उरला नाही. संख्या मात्र १ वरच अडकली आणि जागा कायमची गेली. वाढविताना असेच घडले तर एक हक्क नोंदलाच जात नाही, आणि जागा वेळेपूर्वी मोकळी होते. ह्यावर उपाय म्हणून तिन्ही पायऱ्या एका दमात, अविभाज्यपणे पार पाडणाऱ्या प्रोसेसरच्या खास सूचना वापरात आल्या. लिनक्सने १९९६ च्या २.० आवृत्तीत एकाहून अधिक प्रोसेसरांना वाव दिला. २००१ च्या २.४ आवृत्तीत नेटवर्कचा भाग अनेक प्रोसेसरांवर खऱ्या अर्थाने एकाच वेळी चालू लागला.

लिनक्समध्ये पॅकेट-बफरास ‘एसके-बफ’ म्हणतात, आणि त्याला दोन संदर्भांक असतात. एक शीर्षाचा, म्हणजे पॅकेटाविषयीच्या नोंदींचा; दुसरा प्रत्यक्ष मजकुराचा. एकाच मजकुरावर अनेक शीर्षे असू शकतात, आणि प्रत्येक शीर्षाचे हक्कदारही अनेक असू शकतात.

ह्या बफरासंबंधीच्या फंक्शनांची नावे भाषेच्या अभ्यासकाने पाहण्याजोगी आहेत. लिनक्सच्या अन्य भागांत हक्क घेण्यास ‘गेट’ आणि सोडण्यास ‘पुट’ अशी जोडी रूढ आहे. बफराच्या बाबतीत हक्क घेणारे फंक्शन ‘एसकेबी-गेट’ आहे. पण ‘एसकेबी-पुट’ त्याचे विरुद्ध नव्हे. त्याचे काम बफराच्या शेवटी मजकुरासाठी जागा वाढविणे हे आहे. हक्क सोडण्याचे काम ‘केफ्री-एसकेबी’ करते. म्हणजे ‘फ्री’ हाच शब्द येथेही हक्कसोडीच्या अर्थाने आला. ह्या फंक्शनच्या पोटात दुसरे एक फंक्शन आहे, आणि त्याचेही नाव तेच. फरक एवढाच, की त्याच्या आरंभी दोन अधोरेषा आहेत. हे दुसरे फंक्शन शीर्षाचा संदर्भांक पाहत नाही. सांगितलेला बफर तत्काळ मोडीत काढते. आज्ञावलीतील टिपणात ते केवळ अंतर्गत साहाय्यक असून इतरांनी पहिलेच वापरावे, अशी सूचनाही आहे. परंतु आपणच एकमेव हक्कदार आहोत अशी ज्यांची खात्री होती, त्यांनी गणनेचा खर्च वाचविण्यासाठी अधोरेषांचे फंक्शन थेट वापरले. अशा रीतीने हक्कसोड आणि विध्वंस ह्यांमधील सारे अंतर दोन अधोरेषांवर येऊन ठेपले. लिहिताना त्या दिसतात. बोलताना त्या उच्चारल्याही जात नाहीत.

२००९ साली ह्या परिभाषेत ‘कन्झ्यूम-एसकेबी’ ह्या शब्दाची भर पडली. गणनेच्या दृष्टीने तो ‘केफ्री-एसकेबी’हून निराळा नाही. पॅकेट वाया गेले की आपले काम करून संपले, हे निरीक्षकाला कळावे, एवढ्यासाठी दोन नावे झाली. क्रिया एकच असता हेतुभेदाने शब्द निराळा झाला, हे अर्थविकासाचे एक नेटके उदाहरण होय.

५. संख्या बरोबर, हक्काचे स्वरूप चुकीचे

१३ जुलै २०१० रोजी फ्रीबीएसडी ह्या बर्कलेच्या वारसदार सिस्टिमने एक सुरक्षा-सूचना प्रसिद्ध केली. तिचा विषय ‘सेंडफाइल’ ह्या सोयीशी निगडित होता. फाइल जाळ्यावर पाठविताना तिचा मजकूर बफरात उतरवून न घेता फायलीची स्मृतीतील पानेच बफराला जोडून द्यावयाची, ही त्या सोयीमागील युक्ती. अर्थात अशा बफरात कोणी काही लिहिता कामा नये. लिहिल्यास फाइलच बदलेल. म्हणून त्यावर ‘केवळ वाचनासाठी’ अशी खूण केलेली असे.

ह्या बफराचा नवा हक्कदार निर्माण करताना संदर्भांक योग्य रीतीने वाढे. पण ही खूण मात्र नव्या हक्कदाराकडे उतरत नसे. पॅकेट परक्या यंत्रास जावयाचे असेल, तर ह्याने काही बिघडत नव्हते. परंतु यंत्राने स्वतःलाच पॅकेट पाठविण्याची लूपबॅक नावाची सोय असते. तीत पाठविणाऱ्याचा बफरच घेणाऱ्याच्या हाती पडतो. खूण नसल्यामुळे घेणाऱ्या बाजूची आज्ञावली त्या बफरावर बेधडक लिही, आणि ते लिखाण थेट फायलीच्या पानांवर उमटे. परिणामी, जी फाइल वाचण्यापुरतीच मुभा होती ती सामान्य वापरकर्त्याला बिघडविता येऊ लागली. बिघाड हव्या त्या ठिकाणी घडवून आणून अधिकार वाढविणेही त्याला शक्य होते. दुरुस्ती करताना मूळच्या खुणेची नव्या हक्कदाराकडे नक्कल करण्यात आली.

ह्या प्रकरणात गणनेची कोणतीही चूक नव्हती. हक्कदार किती, एवढेच संख्या सांगते. कोणास कोणता हक्क आहे, हे ती सांगत नाही. हिस्सेदारांची यादी अचूक असूनही एखाद्या नोंदीतील ‘केवळ वहिवाट’ हा शेरा गळाला, तर कुळाला मालकी मिळावी, तसा हा प्रकार झाला.

६. दोन अधोरेषांचा प्रमाद

निबंधाच्या मुख्य प्रतिपाद्याशी अधिक निकट असलेले प्रकरण डीसीसीपी ह्या संकेताचे आहे. लिनक्समध्ये त्याचा प्रवेश ऑक्टोबर २००५ मधील २.६.१४ आवृत्तीत झाला. टीसीपीसारखी गर्दीची जाण, पण गहाळ पॅकेट पुन्हा पाठविण्याची जबाबदारी नाही, असे ह्या संकेताचे स्वरूप. त्याचा वापर फारसा झाला नाही. तरीही अनेक वितरणांत त्याची आज्ञावली समाविष्ट होती.

जोडणीची मागणी करणारे पॅकेट ऐकणाऱ्या सॉकेटकडे आले, की एक फंक्शन ती मागणी नोंदवी, आणि नोंद यशस्वी झाल्यावर वरचे फंक्शन त्या पॅकेटाचा बफर दोन अधोरेषांच्या फंक्शनने मोडीत काढी. मागणी नोंदली गेली, आता बफराचे काम संपले, आपल्याशिवाय त्याला कोणी धनी नाही, असे त्यामागील गृहीतक होते. बहुतेक वेळा ते खरेही होते. परंतु आयपीच्या सहाव्या आवृत्तीत एक मुभा आहे : आलेले पॅकेट कोणत्या पत्त्यावर व कोणत्या मार्गाने आले, हे कळविण्याची विनंती कार्यक्रमाला सॉकेटवर नोंदविता येते. अशी विनंती असल्यास मागणीचे पॅकेट पुढील उपयोगासाठी राखून ठेवावे लागते. म्हणून नोंद करणारे फंक्शन त्या बफराचा निर्देश आपल्याजवळ ठेवून संदर्भांक एकाने वाढवीत असे. हे सर्व यथायोग्य होते. वरच्या फंक्शनने मात्र हा संदर्भांक विचारातच घेतला नाही. बफर नष्ट झाला. त्याचा निर्देश राहिला. आणि पुढे नोंद मोडली जाताना तोच बफर दुसऱ्यांदा नष्ट केला गेला.

दोन नाशांच्या मधल्या अवकाशात ती जागा दुसऱ्या वस्तूला दिली जाऊ शकते. तेथे कोणती वस्तू यावी व तिच्यात काय असावे, हे घडवून आणण्याच्या रीती जाणकारांस ठाऊक आहेत. त्या वस्तूत एखाद्या फंक्शनचा पत्ता असला, तर तो बदलून कर्नेलकडून, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्याकडून, हवे ते करवून घेता येते. थोडक्यात, यंत्रावर साधे खाते असलेल्या कोणासही त्या यंत्राचे सर्वाधिकार मिळू शकत होते.

फेब्रुवारी २०१७ मध्ये हा दोष उघडकीस आला. तो शोधणारे आंद्रेई कोनोवालोव्ह ह्यांनी ‘सिझकॉलर’ ह्या साधनाचा उपयोग केला होता. हे साधन कर्नेलला असंख्य चित्रविचित्र आज्ञांच्या माळा देऊन तो कोठे चुकतो हे पाहते. सप्टेंबर २००६ मधील २.६.१८ आवृत्तीतही दोष असल्याचे तपासणीत आढळले. म्हणजे दहा वर्षांहून अधिक काळ तो डोळ्यांसमोर असून दिसला नव्हता. दुरुस्ती अवघ्या दोन-तीन ओळींची होती. विध्वंसाकडे जाणारी उडी काढून तेथे ‘कन्झ्यूम-एसकेबी’ हा शब्द घालण्यात आला. ते फंक्शन संदर्भांक घटविते आणि शून्य झाल्यासच बफर मोकळा करते. अर्थाच्या भाषेत सांगावयाचे, तर ‘मोकळे करणे’ ह्याच्या जागी ‘सोडणे’ आले.

आणखी एक गोष्ट नमूद करण्यासारखी आहे. टीसीपीच्या आज्ञावलीत ह्याच ठिकाणी ह्याच जातीचा दोष होता, आणि तो अनेक वर्षे आधीच दुरुस्त झालेला होता. दुरुस्तीचे ते ज्ञान टीसीपीतून डीसीसीपीत पोचले नाही. भाषेत जुने रूप मध्यवर्ती प्रदेशातून नाहीसे होऊनही आडवाटेच्या बोलीत टिकून राहते; तसेच येथे झाले. जेथे वर्दळ होती तेथे दोष झिजून गेला. जेथे कोणी फिरकत नव्हते तेथे तो शाबूत राहिला. लिनक्समधून डीसीसीपी पुढे २०२५ साली काढून टाकण्यात आला.

७. संख्येचा बंदोबस्त आणि त्याची मर्यादा

ह्याच सुमारास खुद्द संख्येच्या बंदोबस्ताचेही प्रयत्न चालू होते. जानेवारी २०१६ मध्ये लिनक्सच्या किल्ली-संग्रहाच्या भागातील एक दोष जाहीर झाला होता. एका विशिष्ट मार्गाने तेथील संदर्भांक वाढे, पण घटत नसे. ३२ बिटांच्या संख्येत ४,२९,४९,६७,२९६ इतकीच भिन्न मूल्ये मावतात. तितक्या वेळा ती क्रिया करवून घेतली की संख्या फिरून शून्यावर येई, आणि वापरात असलेली वस्तू मोकळी होई. म्हणजे गळतीचा वरवर निरुपद्रवी दोषही चिकाटीने विध्वंसाच्या दोषात रूपांतरित करता येतो, हे दिसून आले.

२०१७ च्या ४.११ आवृत्तीत संदर्भगणनेसाठी ‘रेफकाउंट’ असा स्वतंत्र प्रकार आला. सामान्य संख्येवर होणाऱ्या सर्व क्रिया त्यावर होत नाहीत. तो कमाल मर्यादेशी पोचला की तेथेच थिजतो, फिरून शून्यावर येत नाही. आणि एकदा शून्य झालेल्या संदर्भांकास पुन्हा एकावर नेऊ पाहिल्यास तो इशारा देतो. मृताला जिवंत करणे हे गणनेच्या व्याकरणात बसत नाही, हे तत्त्व आज्ञावलीच्या घडणीत उतरले. त्याच वर्षीच्या ४.१३ आवृत्तीत पॅकेट-बफराच्या शीर्षाचा संदर्भांकही ह्या प्रकारात आणण्यात आला.

ही सुधारणा मोलाची आहे, ह्यात शंका नाही. परंतु सहाव्या परिच्छेदातील दोषावर तिचा काय प्रभाव पडला असता, असा प्रश्न विचारला, तर उत्तर नकारार्थी येते. त्या ठिकाणी संख्या मर्यादेबाहेर गेली नव्हती, शून्यावरून वरही आली नव्हती. ती पाहिलीच गेली नव्हती. वाच्याला कितीही कडक बंदोबस्त केला, तरी ज्याने वाचकाच्या डोळ्यांवर हात ठेवला त्याच्यावर त्याची मात्रा चालत नाही. पाचव्या परिच्छेदातील दोषाचीही तीच गोष्ट.

८. निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील गोष्टी निष्पन्न होतात. पहिली, संदर्भगणनेतील दोषांचे तीन वर्ग पाडता येतात : संख्या चुकीने बदलणे, संख्येबरोबर जावयाचा हक्काचा तपशील गळणे, आणि संख्या न विचारता कृती करणे. पहिल्या वर्गावर अविभाज्य सूचना आणि नवा संख्याप्रकार ह्यांनी बराच अंकुश बसविला आहे. दुसरा आणि तिसरा हे अंकगणिताच्या कक्षेबाहेरचे आहेत.

दुसरी, तिसऱ्या वर्गातील दोषांना संदिग्ध नामकरण पोषक ठरते. यूनिक्सच्या ‘अनलिंक’ने हक्कसोडीचे नाव हक्कसोडीलाच दिले, नेटवर्कच्या ‘फ्री’ने तेच नाव हक्कसोडीला आणि विध्वंसाला मिळून दिले. नाव बरोबर असते तर चूक झालीच नसती, असे विधान इतिहासाच्या आधारे करता येणार नाही. तथापि दुरुस्तीच्या वेळी संख्येला हात न लावता केवळ क्रियापद बदलावे लागले, ही वस्तुस्थिती पुरेशी बोलकी आहे.

तिसरी, सामाईक वस्तूच्या व्यवहारात कोणाही एका हक्कदारास ‘मी शेवटचा’ असे स्वतःच्या माहितीवर ठरविता येत नाही. काल ते खरे असेल. आज दुसऱ्या कोणी रीतसर हक्क नोंदविला असेल. २००५ च्या सुमाराचे गृहीतक लिहिणाऱ्याच्या दृष्टीने अवास्तव नव्हते; एका दुर्मीळ विनंतीने ते खोटे पाडले. म्हणून खोली सोडणाऱ्याने आपली किल्ली तेवढी ठेवून जावे. खोली मोकळी झाली की नाही, हे मागे राहिलेल्या किल्ल्यांच्या हिशेबावर सोपवावे. पॅकेट-बफरांच्या दुरुस्त्यांचा इतिहास ह्याच साध्या नियमाकडे पुन्हा पुन्हा परत आलेला आहे.